भिंतीपासून चार बोटे

मित्रांनो, माझ्या चौकटीच्या माथ्यावर आज सकाळी एक चिठ्ठी चिकटवण्यात आली आहे आणि तिच्यावर काय लिहिले आहे ते मला वाचता येत नाही. समोर येईल ते सर्व मी दाखवू शकतो. माझे स्वतःचे कपाळ तेवढे नाही.

आज या घरातून सामान निघते आहे. घरच्या बाईंनी प्रत्येक वस्तूवर चिठ्ठी लावली आहे, आणि प्रत्येक चिठ्ठीवर तीनपैकी एक शब्द आहे: न्यायचे, द्यायचे, टाकायचे. समोरच्या वेताच्या खुर्चीवर ‘न्यायचे’ आहे. पुस्तकांच्या मांडणीवर ‘द्यायचे’ आहे. डगमगत्या तिपाईवर काय आहे ते सांगायला नको. माझ्यावर मात्र बाईंनी कोरीच चिठ्ठी चिकटवली, पेन्सिल नवऱ्याच्या हातात दिली आणि म्हणाल्या, “यावर तुम्हीच लिहा. मी नाही लिहिणार.” गृहस्थांनी बराच वेळ पेन्सिल हातात धरून ठेवली, मग एकच शब्द लिहिला आणि ते आतल्या खोलीत निघून गेले. ट्रक अकरा वाजता येणार आहे. आता साडेनऊ झाले आहेत. एवढ्या वेळात माझी हकीकत सांगून होईल. आणि खरे सांगायचे तर, बोलत राहिले की धास्ती थोडी कमी वाटते.

मी जुना आरसा आहे. माणसाला डोक्यापासून पावलांपर्यंत दाखवणारा. आरशाविषयी लोकांचा एक गैरसमज असतो, तो आधी दूर केला पाहिजे. लोक समजतात, आरसा म्हणजे काच. तसे नाही. काच ही पलीकडचे दिसू देणारी वस्तू आहे. तुमचा चेहरा तुम्हाला परत देण्याचे काम तिचे नव्हे. ते काम तिच्या पाठीवर चढवलेल्या चांदीच्या पातळ थराचे आहे. म्हणजेच, ज्या बाजूला कोणी कधी पाहत नाही तिच्यावर माझे सारे अस्तित्व अवलंबून आहे. कोणी म्हणेल, हे सर्वांनाच ठाऊक आहे. ठाऊक असते, तर पुढचे काहीच घडले नसते.

ज्या कारागिराने मला घडवले त्याला हे नक्की ठाऊक होते. त्याने माझ्या चौकटीच्या मागे चार कोपऱ्यांवर चार लाकडी ठोकळे स्क्रूने बसवले आणि मला न्यायला आलेल्या शिंप्याला बजावले, “मास्तर, हे ठोकळे काढायचे नाहीत. भिंत आणि आरसा यांच्यात चार बोटं हवा खेळली पाहिजे. भिंत घामेजते. तिचा घाम याच्या पाठीला लागला की संपलं.”

शिंपीमास्तरांनी ते शब्द सव्वीस वर्षे पाळले. त्यांच्या दुकानात मी कापडांच्या ताग्यांशेजारी उभा असे. किती माणसे माझ्यासमोर पोट आत ओढून उभी राहिली! नव्या नोकरीचा पहिला कोट, मुलीच्या लग्नासाठी शिवलेला सदरा, कोणाच्या अंत्यविधीला घालायचे काळे कपडे, हे सर्व प्रथम मी पाहिले. एकदा एक जाडजूड गिऱ्हाईक कुरकुरले, “मास्तर, तुमचा आरसा फुगवून दाखवतो.” मास्तर तोंडातली टाचणी न काढताच म्हणाले, “आरसा तोच आहे साहेब, तुम्हीच गेल्या वर्षीचे नाही राहिलात.” दुकान हसले. तो माणूसही हसला आणि पुढल्या वर्षी पुन्हा आला. खरे सांगितले म्हणून मास्तरांचे एकही गिऱ्हाईक तुटलेले मी पाहिले नाही. हे मी मुद्दाम नोंदवून ठेवतो, कारण त्याची गरज पुढे लागणार आहे.

मास्तर थकले, दुकान बंद झाले, आणि मी त्यांच्या मुलीच्या घरी आलो. त्याच या घरच्या बाई. त्यांनी मला झोपण्याच्या खोलीत, कोरड्या भिंतीवर, ठोकळ्यांसकट टांगले. सुरुवातीची वर्षे कौतुकात गेली. पुढे माझ्या एका कोपऱ्यावर टॉवेल वाळू लागला आणि दुसऱ्या कोपऱ्यावर कोळ्याने घर केले. तक्रार नाही. घरात रोजच्या वस्तूंचे असेच होते, आणि माणसांचेही.

मग घर विकायचे ठरले. घर तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही, आणि गृहस्थांचे गुडघे जिना चढताना प्रत्येक पायरीला हरकत घेऊ लागले. या दोघांच्या मुलीच्या गावी, तिच्या घरापासून हाकेच्या अंतरावर, तळमजल्यावरचे एक घर मिळत होते. मात्र तिथला मालक तीनच महिने थांबणार होता. तेवढ्या मुदतीत हे घर विकले गेले नाही तर ते हातचे जाणार होते. त्या दिवसापासून जिन्यात पावले वाजली की दोघेही बोलता बोलता थांबू लागले.

दलाल आला. चपळ, गोड बोलणारा माणूस. त्याने घरभर फिरून सल्ले दिले, आणि न्यायाने सांगितले पाहिजे की त्यांतले बहुतेक उत्तम होते. “काकू, अर्धं सामान आत्ताच बांधा. येणाऱ्याला तुमचं घर नाही, त्याचं घर दिसलं पाहिजे. भिंतीवरचे फोटो उतरवा. दारांच्या बिजागऱ्यांना तेल घाला, गळके नळ बदला, गेलेले दिवे बदला. घराचे सगळे कागद एका फाइलमध्ये, हाताशी.” बाईंनी हे सर्व चार दिवसांत केले. घर इतके मोकळे दिसू लागले की आपण इतकी वर्षे असे का राहिलो नाही, असे त्या स्वतःच म्हणाल्या.

अडचण एकच उरली. बैठकीच्या खोलीत, न्हाणीघराला लागून असलेल्या भिंतीवर, ताटाएवढा ओलीचा डाग होता.

“रंग मारा,” दलाल म्हणाला.

“दोनदा मारला,” गृहस्थ म्हणाले. “पंधरा दिवसांत परत वर येतो.”

दलालाने इकडे तिकडे पाहिले आणि उघड्या दारातून त्याला मी दिसलो. “काका, हा आरसा इथे टांगा की! आरशाने खोली दुप्पट वाटते, आणि डागही झाकला जाईल. एका दगडात...”

“आतला पाइप गळत असणार,” बाई मध्येच म्हणाल्या. “प्लंबर बोलवा. फरशी फोडायला लागली तर लागली.”

“अगं, आठ दिवस घरात धूळ आणि मलबा! लोक घर बघायला येणार की खड्डे? आपण घर विकतोय, बांधत नाही आहोत.”

“आणि घेणाऱ्याला नंतर कळलं म्हणजे?”

“तेव्हा आपण इथे नसू.”

बाई काही बोलल्या नाहीत. त्या शिंपीमास्तरांची लेक; न बोलणे हे त्यांचे मोठ्याने बोलणेच असे. परंतु गृहस्थांना जिन्यातल्या पावलांखेरीज काही ऐकू येईनासे झाले होते.

मला त्या भिंतीवर टांगण्यात आले. गृहस्थ बाजूला जाऊन उभे राहिले, मान तिरकी केली, आणि पुटपुटले, “फटीतून दिसतोय अजून.” तेव्हा त्यांनी मला पुन्हा उतरवले, स्क्रूड्रायव्हर आणला, आणि चारही ठोकळे काढून टाकले. मी भिंतीला चपखल बसलो. डाग पूर्ण झाकला गेला.

मित्रांनो, त्यानंतरचे दिवस मी कसे काढले ते काय सांगू! पाठीला सतत गार स्पर्श. आधी वाटले, सवय होईल. दुसऱ्या आठवड्यात चौकटीची मागची फळी फुगू लागली. माणसे येत, माझ्यासमोर केस सारखे करत, “खोली प्रशस्त आहे हो,” म्हणत, आणि मी त्यांना त्यांचाच आनंदी चेहरा परत देत असे. ओरडणे मला शक्य नव्हते. मी फक्त दाखवू शकतो. आणि जे दाखवायचे ते नेमके माझ्या पाठीमागे होते.

सौदा मात्र जमेना. कोणाला जिना नको होता, कोणाला आणखी एक खोली हवी होती. दोन महिने उलटले. नव्या घराच्या मालकाचा फोन येऊन गेला. आणि एका सकाळी बाईंनी माझ्या खालच्या कडेला बोट लावले.

“अहो, हे काय?”

काळे ठिपके होते. गृहस्थांनी ओल्या फडक्याने पुसले, मग कागदाने घासले, मग नखाने खरवडले. ठिपके हलले नाहीत. हलणार कसे? ते काचेवर नव्हतेच. ते काचेमागे होते. आठवडाभरात त्यांची कड झाली, आणि ती कड माणसांच्या पावलांवरून गुडघ्यांकडे चढू लागली. मला आता दोन भीती होत्या: कोणाला कळेल ही एक, आणि कोणालाच कळणार नाही ही दुसरी. दुसरी मोठी होती.

शेवटच्या पंधरवड्यात एक सलूनवाले घर पाहायला आले. पन्नाशीचे, बोलके, हातात मोजपट्टी. आईचा पलंग कुठे बसेल हे त्यांनी मोजून पाहिले, स्वयंपाकघराच्या खिडकीतला उजेड पाहिला, फाइलमधला प्रत्येक कागद शांतपणे वाचला. त्यांना घर आवडले होते. माझ्यासमोरून जाताना ते स्वतःशीच हसत होते. तेवढ्यात ते थांबले, वाकले, आणि माझी खालची कड पाहू लागले.

“हा आरसा किती दिवस इथे आहे?”

“पहिल्यापासून,” गृहस्थ म्हणाले.

“दादा, तीस वर्षं मी आरशासमोर उभा आहे. दुकानात दिवसभर फवारा उडतो, पण समोरून पाण्यानं आरसा असा होत नाही; पुसला की लख्ख. काळं पडतं ते पाठीला ओल लागली की.” त्यांनी चौकटीच्या कडेला, भिंतीवर, तळहात ठेवला. थोडा वेळ तसाच धरला.

“जुना आरसा आहे हो,” दलाल घाईने म्हणाला, “म्हातारपणाचे डाग...”

“उतरवा तो,” बाई म्हणाल्या.

“अगं...”

“अहो, उतरवा.”

मला उतरवले. ताटाएवढा डाग आता जवळजवळ माझ्याएवढा झाला होता आणि त्याच्या मधोमध रंग फुगून सुटला होता. सलूनवाल्यांनी मोजपट्टी गुंडाळून खिशात घातली.

“ओल सगळ्यांच्या घरात असते,” ते म्हणाले. “आधी सांगितलं असतं, तर मी प्लंबर घेऊन आलो असतो. आता मला प्रत्येक कपाटामागे काहीतरी असेल असंच वाटत राहणार. आईला घेऊन राहायचंय मला. येतो.”

जिन्यात त्यांची पावले उतरत गेली. दलालही गेला. गृहस्थ वेताच्या खुर्चीत बसले. मी समोरच्या भिंतीला टेकून जमिनीवर उभा होतो, त्यामुळे त्यांना मी पुरता दिसत होतो, आणि माझ्यात ते स्वतःही. बराच वेळ त्यांनी नजर वळवली नाही. मग म्हणाले, “प्लंबरचा नंबर कुठे आहे गं?”

आठ दिवस चालेल म्हणून ज्याची धास्ती घेतली होती ते काम तीन दिवसांत झाले. एका सांध्यावरचा पाइप सडला होता; दोन फरशा निघाल्या, दोन बसल्या. भिंत उघडी ठेवून वाळवली. त्या तीन दिवसांत बाईंनी कागद घेऊन घराचे सारे दोष लिहून काढले: मागच्या खोलीची खिडकी पावसात फुगते, गच्चीच्या दाराचे कुलूप दोनदा फिरवावे लागते, दुपारी पाण्याचा जोर कमी असतो, भिंतीतला पाइप अमुक दिवशी बदलला. तो कागद त्यांनी फाइलमध्ये सर्वांत वर लावला.

गृहस्थ तो कागद घेऊन बाहेर पडले ते दीड तासाने परत आले. केस कापलेले होते.

“हे काय, दाढीसुद्धा?” बाईंनी विचारले.

“त्याच्याच खुर्चीत बसलो. वस्तरा गळ्याशी असताना सगळं सांगितलं. म्हटलं, आता खोटं बोलायची सोय नाही.”

“मग?”

“हसला. उद्या प्लंबर घेऊन येतो म्हणाला.”

ते आले. प्लंबरने पाइप पाहिला. सलूनवाल्यांनी स्वतः दहा ठिकाणी भिंतींना तळहात लावला आणि कागदावरच्या प्रत्येक ओळीसमोर खूण केली. मुदतीला चार दिवस राहिले असताना सौदा झाला. येथे कोणी आक्षेप घेईल की दोष सांगितल्याने घर विकले जाते हा भाबडेपणा आहे. माझे म्हणणे तसे नाही. माझे म्हणणे एवढेच की, लपवल्याने ते विकले गेले नव्हते, आणि अडीच महिन्यांत भिंत मात्र माझ्याएवढी सडली होती.

पण माझे काय? चांदी गेली ती गेली. माझ्यात आता माणसाला गुडघ्यांखाली पाय नसतात. काल मुलगी फोनवर म्हणाली ते मी ऐकले, “बाबा, तो काळा आरसा कशाला? इथे नवीन घेऊ.” गृहस्थ म्हणाले, “बघू.” ‘बघू’ हा शब्द मी सव्वीस वर्षे दुकानात ऐकला आहे. बघू म्हणणारे गिऱ्हाईक सहसा परत येत नसे.

पावणेअकरा झाले. खाली ट्रकचा आवाज आला. गृहस्थ आतून येत आहेत. हातात अवजारांचा पत्र्याचा डबा आहे. ते गुडघे सांभाळत खाली बसले, त्यांनी मला पुढे झुकवले. आता मला फक्त फरशी दिसते आहे. डब्यात काहीतरी खळखळले. आणि माझ्या पाठीच्या वरच्या कोपऱ्याला लाकूड टेकले. ओळखीचे लाकूड, ओळखीच्या भोकावर. स्क्रू फिरू लागला.

“ठोकळे टाकले नव्हते तुम्ही?” बाईंचा आवाज.

“टाकणार होतो. कसे कोण जाणे, डब्यात राहिले.”

“तिकडे कोणत्या भिंतीवर टांगणार?”

“आधी हात लावून बघेन,” गृहस्थ म्हणाले. “मग सांगतो.”

दुसरा ठोकळा बसला. मित्रांनो, चिठ्ठी मी अजून वाचलेली नाही. तुम्ही केव्हा घर बदलाल तेव्हा जड वस्तू भिंतींपासून ओढा, मागे पाहा, आणि तिथे जे दिसेल ते येणाऱ्याला आधी दाखवा. आणि माझ्यासारखा कोणी टांगणार असाल तर चार बोटे जागा सोडा.

तिसरा बसला. चौथ्याचा स्क्रू जरा अडतो आहे. ते घाई करत नाहीत.