वरच्या फळीची तहान

मी एक जुनी होडी आहे आणि मला तहान लागते. हसू नका, मित्रांनो. पाण्यावर जन्म काढलेल्या होडीला कसली आलीय तहान, असं एके काळी मलाही वाटायचं.

माझा जन्म नदीकाठच्या एका सुताराच्या छपरीत झाला. त्याने फळ्या शेकून वाकवल्या, एकीला एक जोडल्या, सांध्यांत कापसाच्या वाती ठोकल्या आणि वरून डांबर फासलं. मला पहिल्यांदा नदीत ढकललं तेव्हा चहूकडून पाणी आत शिरू लागलं. मी घाबरून गेले. सुतार मात्र काठावर पाय सोडून निवांत बसला होता. "पिऊ दे तिला," तो म्हणाला, "पोट भरलं की आपोआप तोंड मिटेल." तसंच झालं. पाणी पिऊन माझ्या फळ्या फुगल्या, एकमेकींना बिलगल्या आणि पाण्याची वाट बंद झाली. लाकडी होडी ओली असते तोवर घट्ट असते. वाळली, की तिचे सांधे उघडतात.

मला घेतलं एका नावाड्याने. त्याच्या हाताखाली मी खूप राबले. दुधाच्या किटल्या, आजारी माणसं, सायकलीसकट पोस्टमन, एकदा तर बिथरलेलं वासरूसुद्धा मी पैलतीरी नेलं. तेव्हा नदीलाही स्वभाव होता. ती चढायची, पण सांगून चढायची. आधी पाणी गढूळ व्हायचं, मग फेस दिसायचा, मग काठावरच्या मुंग्या अंडी घेऊन वर निघायच्या. माणसांना सामान आवरायला सवड मिळायची.

नावाड्याची सून माझ्यातूनच सासरी आली. तिचं माहेर समोरच्या काठावर होतं. नावाडी तिला म्हणाला, "माहेर डोळ्यांसमोर आहे, मग जायला माझी वाट कशाला बघायची? धर वल्हं." पहिल्या दिवशी तिने मला जागच्या जागी गरगर फिरवलं. नावाडी काठावरून ओरडला, "सूनबाई, माहेर समोर आहे, गोल नाही!" ती इतकी हसली की वल्हं हातातून सुटलं. पण शिकली. चांगली शिकली.

पुढे नदीवर पूल झाला. मला त्याचं वाईट वाटलं नाही. आजारी माणूस दवाखान्यात लवकर पोहोचू लागला, ते बरंच झालं. मला काठावर ओढून एका मोठ्या झाडाखाली ठेवलं. कोंबड्यांनी माझ्यात अंडी घातली. सुनेची मुलगी माझ्यात बसून कोरडीच वल्ही मारायची. ती एका जागी ठरत नसे, म्हणून सगळे तिला भिंगरी म्हणत. शाळेच्या बाई मुलांना घेऊन माझ्या झाडाच्या सावलीत बसायच्या. मुलं खडूने माझ्या अंगावर अक्षरं गिरवायची. त्यांच्याबरोबर मीही म्हातारपणी अक्षरं शिकले.

मग उन्हाळे बदलले. आधी मला वाटलं, आपलंच वय झालं म्हणून ऊन सोसवत नाही. पण कोंबड्याही चोच उघडून धापा टाकू लागल्या. नदी काठापासून मागे सरत गेली आणि शेवटी मधोमध एक हिरवट डबकं तेवढं राहिलं. गावाला पाण्याचा टँकर सुरू झाला.

तेव्हापासून नावाडी मला पाणी पाजू लागला. भांडी घासलेलं पाणी बादलीत भरून आणायचा, माझ्या तळात ओतायचा, आणि एक पोतं भिजवून कडेच्या सगळ्यात वरच्या फळीवर पसरायचा. "तळ पितो, पण वरची फळी उपाशी राहते," असं पुटपुटायचा. पिठाच्या गिरणीचा मालक येता-जाता त्याला टोचायचा. "काय हो, होडीला पाणी पाजलंत, आता वल्ह्यांना चहा द्या!" गिरणीवाला अंगाने अगडबंब होता. स्वतःच्या विनोदाला हसताना त्याचं सगळं अंग हलायचं.

सुनेला हसू येत नव्हतं. टँकरच्या रांगेत तीच उभी राहायची. नवरा दूरच्या शहरात ट्रक चालवायचा, त्यामुळे घरातलं ओझं तिच्याच अंगावर होतं.

"मामंजी, पोरीला अंघोळीला पाणी नाही आणि तुम्ही लाकडाला न्हाऊ घालताय?"

"खरकटं पाणी आहे गं ते."

"त्याच खरकट्यावर माझी चार झाडं जगतात."

"नदी आहे तिथं पूर आहे, सूनबाई."

"कुठंय नदी? तिच्या पोटात पोरं चेंडू खेळतायत!"

नावाड्याने बादली माझ्या तळात रिकामी केली. नदी कुठे गेली, ते मला शाळेच्या बाईंकडून कळलं. मुलांनी त्यांना विचारलं होतं, पाणी गेलं कुठं? बाई म्हणाल्या, "आपण कोळसा जाळतो, तेल जाळतो, रानं तोडतो. तो धूर हवेत पांघरुणासारखा साठतो आणि पृथ्वीला ताप चढतो. तापलेली हवा जमिनीतलं पाणी शोषून घेते आणि धरून ठेवते. मग एखाद्या दिवशी, एखाद्याच जागी, सगळं एकदम ओतून देते. दुष्काळ आणि पूर वेगळे वाटतात, पण ताप एकच." मुलांनी ते पाटीवर लिहून घेतलं. माझ्या मात्र फळ्यांतून शहारा गेला. म्हणजे ते पाणी कुठे गेलेलं नव्हतं. ते वरती होतं.

त्याच उन्हाळ्यात एका दुपारी सून तापाने पडून होती, म्हणून नावाडी टँकरच्या रांगेत उभा राहिला. परतला तो घरापर्यंत पोहोचलाच नाही. माझ्या कडेला टेकून बसला. त्याचा हात माझ्या फळीवर होता, कोरडा आणि चुलीसारखा तापलेला. पुन्हा तो उठला नाही. डॉक्टर म्हणाले, उष्माघात.

त्यानंतर माझ्याकडे कुणी फिरकलं नाही. माझे सांधे एकेक करून उघडू लागले. वरच्या फळीखाली तर इतकी फट पडली की भिंगरी तिला डोळा लावून आरपार नदी बघायची. मला सारखी एकच काळजी लागून राहिली होती. ते वरचं पाणी आज उतरलं तर?

एका संध्याकाळी सून बादली घेऊन आली. कुणी बघत नाही ना, ते तिने पाहून घेतलं आणि पाणी माझ्या तळात ओतलं. "घ्या, मामंजी," ती म्हणाली, "तुमच्या लाडकीला पाजलं. आता रुसू नका." मग ती रोज येऊ लागली. माझा तळ पुन्हा फुगला, मिटला. पण बादली अर्धीच असायची. पोतं भिजवण्याइतकं पाणी कधी उरलंच नाही. वरची फळी तहानलेलीच राहिली.

आणि ते पाणी उतरलं. आमच्या गावावर ढगसुद्धा नव्हता, मित्रांनो. लांब डोंगरात ढगफुटी झाली आणि भर दिवसा, मुंग्यांना पत्ता लागण्याआधी, नदी भिंतीसारखी चालून आली. खालची आळी बघता बघता बुडाली. भिंगरी तेव्हा तिथल्या शिंपिणीकडे झग्याचं माप द्यायला गेली होती.

शहरातून सुटकेची बोट निघाल्याचा निरोप आला, पण वाटेतला रस्ताच वाहून गेला होता. पाणी माझ्या झाडापर्यंत चढलं. सून धावत आली, माझा दोर सोडला आणि वल्ही उचलली. कितीतरी वर्षांनी ती माझ्यात उभी होती. या वेळी आम्ही गोल फिरलो नाही.

आळीतलं पाणी घरांच्या आडोशाने जरा संथ होतं. शिंपिणीच्या छपरावर तिघं होती. भिंगरी, शिंपीण आणि शेजारचा गिरणीवाला. शिंपिणीने शिवणयंत्र आणि कपड्यांचं गाठोडं वर आणलं होतं. खालची भिंत खचत होती. छप्पर एका बाजूला कललं.

"दोघंच बसा!" सून ओरडली. "वरच्या फळीखाली फट आहे. भार झाला की फट पाण्याखाली जाईल."

"दुसऱ्या खेपेपर्यंत हे टिकणार नाही," गिरणीवाला म्हणाला. त्याने भिंगरीला उचलून आत दिलं, मग शिंपिणीपुढे हात केला, आणि स्वतः मागे सरला. त्या दिवशी तो हसत नव्हता.

शिंपिणीने यंत्राकडे पाहिलं. "एवढं तरी..."

"यंत्राच्या जागी माणूस बसेल गं!" सून म्हणाली.

शिंपिणीने यंत्रावरून एकदा हात फिरवला आणि ते सोडलं. मग गाठोडं घेऊन माझ्यात उतरली, ते फाडून उघडलं आणि गिऱ्हाइकांचे नवेकोरे कपडे कात्रीच्या टोकाने माझ्या फटीत ठोसू लागली. शेवटी तिच्या हाती वकिलाचा काळा कोट आला. "कधी नव्हे तो कुणाच्या कामी येतोय," म्हणाली आणि बाही आत दाबली.

"आता या तुम्ही!" सून गिरणीवाल्याला म्हणाली. तो उतरला तशी मी खोल गेले. फट पाण्याखाली गेली. कापडातून पाणी झिरपू लागलं, पण धो धो आलं नाही. गिरणीवाला छपरावरून बरोबर घेतलेल्या पिठाच्या डब्याने पाणी उपसत होता. "एवढं पाजलंत हिला," तो धापा टाकत म्हणाला, "तरी हिचं पोट भरेना!" भिंगरी खुदकन हसली आणि मग रडू लागली. आम्ही वळलो तेव्हा मागे छप्पर यंत्रासकट खाली बसलं. काठाला लागलो तेव्हा माझ्यात गुडघाभर पाणी होतं.

लोकांनी माझं कौतुक केलं, मला हार घातला. पण त्या आळीतली सगळीच माणसं तरली नाहीत. त्यांच्या छपरांपर्यंत मी पोहोचू शकले नाही.

आता पूर ओसरला आहे. नदी पुन्हा मागे सरते आहे आणि ऊन पुन्हा तसंच तापतं आहे. सून रोज बादली आणते. आता आधी पोतं भिजवते, वरच्या फळीवर पसरते, आणि उरलं तर तळात ओतते. गिरणीवालाही आपल्या घरचं खरकटं पाणी आणतो. पण टँकर उशिरा येतो, कधी येतच नाही.

मित्रांनो, मला हार नको. तुम्ही मला पाणी पाजाल, पण वर साठलेलं पाणी आणि खाली चढलेला ताप होडीच्या हातात नाही. तो धूर माणसांचा आहे, ती तोडलेली रानं माणसांची आहेत. जळण कमी करा, झाडं राखा, मोठ्यांना टोचत राहा. ते हसतील. हसू द्या, पण तुम्ही थांबू नका. मी म्हातारी आहे आणि माझ्यात चारच माणसं बसतात.

वकिलाचा कोट अजून माझ्या फटीत आहे. काल भिंगरीने तिथे डोळा लावला. "आई," ती म्हणाली, "कडेने पुन्हा उजेड दिसायला लागलाय." सुनेने बादलीत पाहिलं, आणि पोतं भिजवायला खाली वाकली.