वैष्णवीचा डावा कान

गंगापूर रोडवरच्या त्या लॉन्सवर एरवी लग्नं लागतात. त्या रविवारी सकाळी तिथे हजारभर माणसं गाद्यांवर डोळे मिटून बसली होती आणि प्रत्येकाच्या कानांवर निळा दिवा लुकलुकणारा हेडफोन होता. कुणी डुलत होतं, कुणाच्या गालांवरून पाणी ओघळत होतं. माझ्या शेजारच्या बाई हुंदका देत पुटपुटल्या, "आला, आला. आत धडधडतोय."

मंचावर तरंगनाथ महाराज होते. रेशमी कफनी आणि गालापाशी माइक. त्यांचा लोण्यासारखा आवाज थेट कानात उतरत होता. "यंत्र फक्त सूर देतं. हा जो कंप जाणवतोय, तो तुमच्या आतला आहे. अनाहत नाद. त्यानं मेंदूच्या लहरी बदलतात, आणि लहरी बदलल्या की रोग राहील कुठे?" मग साखर, दमा, अर्धशिशी, आकडी आणि न जुळणारी लग्नंही त्यांनी त्याच दमात बरी करून टाकली. कंप मलाही ऐकू येत होता, आणि किळसही येत होती.

मला तिथे नेलं होतं आमच्या कॉलनीतल्या राखीनं. मी शाळेत विज्ञान शिकवायचे. आता संध्याकाळी कॉलनीतली मुलं माझ्या ओट्यावर जमतात. राखीची वैष्णवी त्यातलीच. तिला आकडी यायची. डॉक्टरांच्या गोळीनं ती पार थांबली होती. पण आईसोबत ती साधनेला बसली आणि तिला काही केल्या कंप ऐकू येईना. महाराजांनी निदान केलं: गोळीमुळे मुलीच्या लहरी बोथट झाल्यात, वर पितरांचा दोष आहे. गोळी बंद झाली. मग एक दिवस वैष्णवी शाळेच्या जिन्यात आकडी येऊन पडली. राखीनं घाबरून महाराजांना फोन केला, तर ते म्हणाले, दोष बाहेर पडतोय.

मी समजावलं, डॉक्टरांचं नाव घेतलं, रागावलेसुद्धा. राखीचं एकच म्हणणं: "बाई, सगळ्यांना ऐकू येतं. मग हिलाच का नाही?"

प्रश्न खरा होता, आणि उत्तर मलाही सुचत नव्हतं.

ते सापडलं माझ्या ओट्यावर. घरच्या साधनेसाठी महाराजांनी तोच सूर फोनवर पाठवला होता. वैष्णवी आणि तिची मैत्रीण वेदिका एकाच वायरचा इअरफोन वाटून ऐकत बसल्या होत्या, एक बोंडी हिच्या कानात, दुसरी तिच्या. मुली गाणी ऐकतात तशा.

"बाई," वेदिका म्हणाली, "त्या दिवशी साधनेला मला धडधड ऐकू आली होती. आता नुसतं हूंऽऽ वाजतंय. मलापण दोष लागला का?"

मी दोन्ही बोंड्या तिच्या कानांत घातल्या. धडधड आली. एक काढली, गेली. दुसरी काढून पाहिली, तरी गेली.

मग आम्ही तिघींनी डोकं लढवलं. एका कानात एक सूर वाजत होता, दुसऱ्यात त्याच्याहून किंचित चढा. शाळेच्या पेटीत दोन पट्ट्या जराशा बेसूर झाल्या की प्रार्थनेचा आवाज थरथरतो, हे पोरींना ठाऊक होतं. इथे दोन सुरांची गाठ हवेत पडत नाही, मेंदूत पडते, आणि तिथे ती थरथर जाणवते. म्हणजे महाराज अर्धं खरंच सांगत होते. कंप यंत्रात नसतोच. पण त्याला दोन चालू कान लागतात.

वैष्णवीनं आपल्या डाव्या कानाला हात लावला. लहानपणी तिचा डावा कान फुटला होता. तेव्हापासून त्यातून काहीच ऐकू येत नाही, म्हणून तर ती नेहमी माझ्या डाव्या बाजूला बसते, उजवा कान माझ्याकडे करून.

पुढच्या रविवारी मी राखी आणि वैष्णवीसोबत पुन्हा लॉन्सवर गेले, आणि भक्तांनी अनुभव सांगायची वेळ आली तेव्हा माइक मागून घेतला. म्हटलं, सूर चालू राहू द्या, फक्त सगळ्यांनी डाव्या कानावरची वाटी बाजूला करा. सकाळपासून महाराज सांगतील ते करत आलेली माणसं, त्यांनी तेही केलं. गाद्यांवर कुजबुज पसरली. कंप गेला होता.

महाराज हसले. "बाई, श्रद्धासुद्धा अर्धीच ठेवणार का? इडा आणि पिंगळा, दोन्ही नाड्या लागतात."

"म्हणजे दोन्ही कान लागतात."

"लागणारच."

"या मुलीचा डावा कान लहानपणीच गेलाय. गोळी घेतली काय आणि सोडली काय, तिला हा कंप ऐकू येणारच नव्हता. मग तिची गोळी कशासाठी बंद केलीत?"

महाराज त्याच लोण्यासारख्या आवाजात म्हणाले, "मी कुठे बंद केली? आईनं स्वतःच्या श्रद्धेनं केली असेल."

राखी उठली. "फोनवर तुम्हीच म्हणालात, दोष बाहेर पडतोय, पडू दे. माझी पोर जिन्यात पडली होती, महाराज."

माझ्या हातातला माइक बंद झाला. सूर मात्र चालूच राहिला. काही जण उठले. पुष्कळांनी वाटी मुकाट्यानं पुन्हा कानावर ओढली आणि डोळे मिटले. त्या दृश्याची शिसारी अजून गेलेली नाही.

आम्ही तिथून थेट वैष्णवीच्या डॉक्टरांकडे गेलो. ते राखीवर रागावले नाहीत, गोळी पुन्हा सुरू केली. रिक्षात वैष्णवीनं मला हळूच विचारलं, "म्हणजे माझ्यात काही वाईट नव्हतं ना, बाई?" एका लहान मुलीच्या तोंडी हा प्रश्न यावा, यासाठी तो सगळा थाटमाट होता.

मंद सूर ऐकून निवांत वाटत असेल, तर जरूर ऐका. शांत बसलं की बरं वाटतंच, त्याला कफनी लागत नाही. पण त्या सुरानं आकडी थांबते असं कुणी म्हणालं, तर पुरावा मागा, आणि डॉक्टरांना विचारल्याशिवाय गोळी सोडू नका. तुमच्या लेकराला ऐकू येत नाही म्हणून कुणी त्याला दोषी ठरवलं, तर आधी त्याचा कान तपासून घ्या.

डोळे खुशाल मिटा. एक कान तेवढा उघडा ठेवा.