कंटेनरमधला वास

बाहेरून दारं लावून घ्यायला सांगून ती कंटेनरच्या अंधारात उभी राहिली. छतात, कोपऱ्यांत, पत्र्याच्या सांध्यांत कुठेही उजेडाचा ठिपका दिसत नव्हता. मागच्या कंटेनरला असंच बघताना दोन भोकं निघाली होती आणि तो बदलून मिळेपर्यंत जहाज सुटलं होतं. त्याच्या आधीचं जहाज बंदरातल्या संपानं खाल्लं. आज निदान भोक तरी नाही, असं म्हणून तिनं मोकळा श्वास घेतला आणि लगेच बाहीनं नाक दाबलं. कच्च्या कातड्याचा वास होता. तो मारायला कुणीतरी वर फिनेल ओतलं होतं.

"उघडा," ती ओरडली. "अहो, उघडा लवकर!"

बाहेर आल्यावर तिनं नाकावरची बाही न काढताच कंटेनर देणाऱ्या एजंटला फोन लावला.

"ताई, तुम्हाला त्यात राहायला जायचंय का?" एजंट म्हणाला. "लोखंडी डबा आहे, वास मारणारच. हा सोडलात तर आज दुसरा नाही. आणि जहाज काही तुमची वाट बघत थांबणार नाही."

"खायचा माल आहे हो. मी आधीच सांगितलं होतं, खायच्या मालासाठीच कंटेनर द्या."

"मग तसाच दिलाय. कागदावर बघा ना."

"कागदाला नाक असतं का?"

तिनं फोन बंद केला. गोदामाच्या दाराशी खोके छातीइतके रचून ठेवले होते. खोक्यांत पाकिटं, पाकिटांत सुक्या भाज्यांच्या सूपची पूड. ही पूड आजूबाजूचा कुठलाही वास ओढून घेते. समुद्रावर उन्हात बंद डब्यात इतके दिवस काढल्यावर पलीकडचं गिऱ्हाईक पाकीट फोडणार आणि त्याला जोडे उकळल्यासारखं वाटणार. उलट, हेही जहाज चुकलं तर पलीकडच्या व्यापाऱ्यानं स्वच्छ सांगितलं होतं की पुन्हा फोन करायची तसदी घेऊ नका. नुसते नाकी नऊ आले होते तिच्या.

हमाल तिच्याकडे बघत उभे होते. कंटेनर आणणारा ड्रायव्हर तर गाडीच्या पलीकडच्या बाजूला, वाऱ्याकडे तोंड करून बसला होता.

"नाकसाहेबांना बोलवा," ती म्हणाली.

नाकसाहेब म्हणजे तिचा थोरला भाऊ. कागदपत्रं, बंदर, जहाज हे तिचं काम. भट्टी आणि मिश्रण त्याचं. कांदा करपायच्या आधीचा क्षण त्याला भिंतीपलीकडून कळतो, असं कामगार सांगत. एकदा त्यानं मिऱ्यांचं अख्खं पोतं नुसतं समोरून जाताना थांबवलं होतं, आणि तळाला खरोखरच बुरशी निघाली होती. त्यानं हो म्हटलं की माल जायचा, नाही म्हटलं की राहायचा. त्यावर कारखान्यात कुणी वाद घालत नसे.

तो हात पुसत आला. थेट कंटेनरमध्ये चढला, पार टोकापर्यंत चालत गेला. पाठमोरा उभा राहून त्यानं दोनदा दीर्घ श्वास घेतला, मग खाली उतरला.

"काही नाही," तो म्हणाला. "भरायला घ्या."

हमालांनी एकमेकांकडे पाहिलं. कुणीच हललं नाही.

"दादा, इकडे ये जरा," ती म्हणाली, आणि त्याला खोक्यांच्या आडोशाला घेऊन गेली. "तूसुद्धा? एजंट बोलला तर समजू शकते. त्याला काय, डबा गेला की सुटला. पण तू?"

"तूच सकाळपासून जहाज जहाज करतेयस."

"म्हणून माल नासवायचा? बाबांच्या वेळी तू एका पाकिटासाठी अख्खी भट्टी विझवली होतीस. आणि आज म्हणतोस काही नाही?"

"एवढं काही नाहीये. थोडा गंजाचा वास आहे. हवेशीर ठेवू तासभर, जाईल."

"गंजाचा?"

"गंजाचाच ना." त्यानं तिच्याकडे पाहिलं, आणि लगेच नजर काढून खोक्यावरची चिकटपट्टी बोटानं दाबायला लागला. ती पट्टी चांगली घट्ट बसलेली होती.

एवढ्या लांब उभ्या असलेल्या तिलाही कातड्याचा वास येत होता. हमालांनी नाकाला रुमाल बांधले होते.

मध्यंतरी त्याला मोठा ताप येऊन गेला होता. तेव्हापासून तो भट्टीवरच्या बाईंना सारखा शेजारी बोलवत असे. चमचा पुढे करून विचारायचा, "काय वाटतं? झालं का?" सगळ्यांना वाटलं, दादा त्या बाईंना तयार करतायत. तिलाही तसंच वाटलं होतं, आणि बरंही वाटलं होतं.

ती मागे वळली. ड्रायव्हरपाशी गेली, आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "परत न्या हा. आमच्या दादांनी नाकारलाय."

ड्रायव्हर खुशीत उठला. हमालांचे चेहरे सैल पडले. "मला वाटलंच," एक जण म्हणाला. "नाकसाहेब आधी गंमत करत होते." एजंटचा फोन आला तेव्हा त्यालाही तिनं तेच वाक्य ऐकवलं. तो बराच वेळ बोलत राहिला. पुढच्या जहाजाचं आता नक्की सांगता येत नाही, म्हणाला. तिनं सगळं ऐकून घेतलं.

गाडी फाटकाबाहेर गेली. हमाल चहाला गेले. दादा अजून खोक्यांपाशीच उभा होता.

"तापापासून?" तिनं विचारलं.

त्यानं मान डोलावली.

"अजिबात?"

"वासही नाही, चवही नाही. जेवताना ऊन की गार, तेवढं कळतं."

"वहिनीला माहितीये?"

"ती रोज विचारते, मीठ बरोबर आहे का. मी म्हणतो, बरोबर आहे." तो जरासा हसला. "परवा घालायचंच विसरली होती म्हणे. मुलांनी ओरडा केला तेव्हा कळलं."

तिला हसू आलं नाही. तिचं लक्ष खोक्यांच्या राशीवर होतं. हा सगळा माल त्याच्याच शब्दावर पाकिटांत भरला गेला होता. इतका संताप झाला होता की ओरडावं, आणि कुणावर ओरडावं ते कळत नव्हतं.

तिनं वरचा खोका ओढला, पट्टी फाडली, एक पाकीट दातांनी फोडलं. तळहातावर पूड घेऊन नाकाशी नेली. तो तिच्या चेहऱ्याकडे बघत होता.

"चांगलं आहे," ती म्हणाली.

"असं नको. काय काय येतंय ते सांग."

"मला नाही येत तसं सांगता."

"येईल ग. सावकाश घे."

तिनं डोळे मिटले. "कांदा. मग मिरे, पण मागून. आणि..." ती थांबली. "गाजर जरा कडू आहे. जास्त भाजलंय का?"

"खालच्या फळीवरचं असणार," तो हळूच म्हणाला. "तिथं आच जास्त लागते. मला वाटलंच होतं, पण उघड विचारायचं कुणाला?"

त्यानं दोन्ही हातांनी पुढचा खोका उचलला आणि तिच्यासमोर आणून ठेवला.