डाव्या बुटाचा निकाल

मी एक जुना बूट आहे. जुना, डाव्या पायाचा आणि एकटा. बुटाने एकटे असणे म्हणजे कात्रीचे एकच पाते उरण्यासारखे आहे; दिसायला धडधाकट, कामाला शून्य. पण मित्रांनो, मीही कधीकाळी जोडीने धावलो आहे, चांगला घाम गळेपर्यंत धावलो आहे. फक्त ज्या पायात मी धावलो, त्या पायाला मी कधी कळलोच नाही. तीच गोष्ट तुम्हांला सांगायची आहे.

माझा जन्म एका लांबलचक कारखान्यात झाला. उजव्याचे आणि माझे कापडी अंग शेजारशेजारच्या टेबलांवर शिवले गेले. मग खाली फोमचा जाड तळ बसवला आणि त्याखाली रबर. तळ चिकटवणाऱ्या बाईंचा हात मोठा सराईत होता. उजव्याला त्यांनी एका दमात गोंद लावला. माझी पाळी आली तेव्हा शेजारणीने त्यांना काहीतरी गंमत सांगितली. बाई खळखळून हसल्या आणि ब्रश माझ्या पोटात क्षणभर एकाच जागी थांबला. तिथे गोंदाचा एक गोळा राहिला, वाळला आणि खड्यासारखा टणक झाला. जागाही नेमकी कुठली, तर पायाच्या करंगळीच्या मुळाशी, जिथे पावलाचा भार पडतो तिथे. वर मऊ गादी अंथरली गेली आणि खडा झाकला गेला. मला त्या बाईंचा राग नाही. दिवसभर गोंदाच्या वासात उभे राहणाऱ्या माणसाने कधीतरी हसावे की नाही? शिवाय मी मनाशी म्हणायचो, पायात घातल्याबरोबर कळेलच कुणालातरी.

आम्ही दुकानात गेलोच नाही. आम्ही नमुना म्हणून निघालो आणि एका मासिकाच्या कचेरीत येऊन पडलो. रोज रस्त्यावर धावणाऱ्या साध्या माणसांसाठी कोणता बूट सोयीचा आणि कोणता नुसताच देखणा, याची पारख ती मंडळी करत आणि छापत. दोन खोल्यांची कचेरी, भिंतीला टेकून रचलेले खोके आणि सगळीकडे नव्या रबराचा वास. तिथल्या संपादकबाईंनी आम्हांला वजनकाट्यावर ठेवले. मी उजव्यापेक्षा किंचित जड भरलो.

"डावा जरा खात्यापित्या घरचा दिसतो," बाई म्हणाल्या आणि पुढच्या कामाला लागल्या. आम्हांला वाकवून पाहिले, पिरगाळून पाहिले, टाचेवर वजन ठेवून फोम किती दबतो ते मोजले. मला वाटले, आता सापडेल खडा. पण यंत्राने टाच तपासली, चवड्याचा मध्य तपासला, आणि करंगळीच्या बाजूला ते फिरकलेही नाही.

"यंत्राचं झालं. आता मास्तरांना बोलवा," बाई म्हणाल्या.

मास्तर म्हणजे शाळेतले मास्तर नव्हेत. उमेदीत त्यांनी पुष्कळ मुलामुलींना धावायला शिकवले होते, तेव्हापासून ते नाव चिकटले ते चिकटलेच. आता साठीला टेकलेले, काटक, बोलण्यात मिस्कील. कुठलाही बूट घालून दहा पावले टाकली की ते सांगत, इथे शिवण जाड आहे, इथे टाच घसरते, इथे नाडी आवळली की बोटे बधिर होतात. यंत्र चुकेल पण मास्तरांचे पाय चुकणार नाहीत, असा त्या कचेरीत विश्वास होता. मास्तरांनाही त्याचा अभिमान होता. त्यांच्यापाशी आता दुसरे काही उरले नव्हते. पत्नी गेली होती, लेक लग्न होऊन शहराच्या दुसऱ्या टोकाला राहायला गेली होती, आणि घरात त्यांच्याशी बोलायला रेडिओ होता.

त्यांनी आम्हांला पायात घातले तो क्षण मी विसरणार नाही. उजव्या पायाची बोटे लगेच चुळबुळली, पसरली, कोपरे चाचपू लागली, नव्या घरात शिरलेल्या मुलांसारखी. मी माझ्या पायाची वाट पाहत राहिलो. तो आत आला आणि गप्प बसला. एकही बोट हलले नाही. खडा थेट त्याच्या करंगळीखाली होता, मास्तर उभे राहिले, पूर्ण भार माझ्यावर पडला, तरी काही नाही. मी घाबरलो. मित्रांनो, पाय गरम होता, जिवंत होता, पण आत कुणी नव्हते.

"कसं वाटतंय?" बाईंनी विचारले.

"झकास," मास्तर म्हणाले.

त्यानंतर आम्ही रोज धावलो. पहाटेच्या ओल्या डांबरावर, उड्डाणपुलाच्या चढावर, बंद दुकानांच्या समोरून. कधी रमतगमत, कधी जीव खाऊन. परत आल्यावर बाई प्रश्न विचारत आणि उत्तरे टिपून घेत. टाच कशी आपटते? अलगद. वळणावर घसरतो का? मुळीच नाही. बोटांना जागा? ऐसपैस. लांब पल्ल्यावर फोम मरतो का? नाही, शेवटपर्यंत उसळी देतो. उत्तरे सगळी खरी होती, पण ती उजव्याची होती. मास्तर उजव्या पायाला विचारत आणि दोघांच्या वतीने सांगत. "डाव्याउजव्यात काही फरक?" असे बाईंनी विचारले की ते हसून म्हणत, "अहो, मी काय डावं-उजवं करतो होय? दोघेही गुणी आहेत."

माझे असे कौतुक होत होते आणि मला ऐकवत नव्हते. कारण मला कळत होते की माझ्या पोटातला खडा रोज थोडा थोडा त्या पायात शिरतो आहे. आधी कातडी लाल झाली, मग फोड आला, मग फुटला. मास्तरांचे मोजे काळे असत. ते घरी आले की मोजे तसेच कपडे धुण्याच्या यंत्रात टाकत आणि पायांकडे न पाहता चपला सरकवत. न पाहणे हीसुद्धा एक सवय असते, आणि ती त्यांनी फार मन लावून अंगी बाणवली होती.

दाराशी असलेल्या फळीवरून मला घरातले सगळे ऐकू येई. सगळे म्हणजे काय, तर रेडिओ आणि रविवारी येणारी लेक. ती पिशवी खाली ठेवायच्या आत विचारायची, "बाबा, साखर तपासलीत?"

"तपासली."

"आणि डॉक्टर म्हणाले होते तसं पाय रोज बघता ना? मुंग्या येतात का अजून?"

"अगं, मुंग्या कधीच गेल्या," मास्तर म्हणायचे. "पाय एकदम हलका झालाय बघ."

मुंग्या गेल्या होत्या हे खरे होते. त्यांच्याबरोबर बाकीचेही सगळे गेले होते, ते मात्र ते सांगत नव्हते. सांगितले असते तर लेकीने धावणे बंद केले असते, आणि बूट पारखणाऱ्या माणसाला एका पायाचे काही कळत नाही म्हटल्यावर कचेरीने तरी काय करायचे? म्हणून ते वेळ मारून नेत. लेक गेली की दार लावून थोडा वेळ तिथेच उभे राहत. माझ्यापासून हातभर अंतरावर. मला वाटायचे, एकदा, फक्त एकदा हात घालून बघा हो माझ्यात. हा पाय जाईल. पण बुटाला जीभ असते ती नुसती नाडीखाली दाबायला. उजवा शेजारी गाढ झोपलेला असे. त्याला काय कळणार? त्याच्यात सगळे मऊच होते.

शेवटी पारख संपली. त्या कचेरीची एक रीत होती. अखेरच्या दिवशी जोडीतला एक बूट करवतीने उभा चिरायचा, म्हणजे फोम किती जाड, कुठे किती दबला, हे वाचकांना फोटोत दाखवता येते. नेहमी डावाच चिरत. मी तयार होतो. खरे सांगतो, मला सुटल्यासारखे वाटत होते.

करवत लावण्याआधी बाईंनी माझी गादी काढायला आत हात घातला आणि त्या थबकल्या. गादी तळाला चिकटली होती. ती ओढून काढली तर खाली काळपट, वाळलेला डाग आणि त्याच्या मध्यभागी खडा. त्यांनी त्यावरून बोट फिरवले आणि चटकन मागे घेतले.

"मास्तर, हे काय आहे? हे तुम्हांला टोचलं नाही?"

मास्तर खिडकीपाशी चहा पीत होते. "काय टोचायचंय? चांगला बूट आहे," ते म्हणाले. मग त्यांनी बाईंच्या हातातली गादी पाहिली आणि कप खाली ठेवला.

"मोजा काढा."

"बाई, अहो कशाला…"

"मास्तर, मी तुमच्यापेक्षा लहान आहे, पाया पडते तुमच्या. मोजा काढा."

त्यांनी मोजा काढला. बाईंनी एकदाच पाहिले आणि तोंडावर हात ठेवला. मग त्यांनी लेकीला फोन लावला. लेक आली ती ओरडली नाही, रडली नाही, फक्त खाली बसून तो पाय मांडीवर घेतला. मास्तर भिंतीकडे बघत होते. इतका एकटा माणूस मी पाहिला नाही. दोघीजणी समोर होत्या, तरीही.

डॉक्टरांनी सांगितले, ज्याने हे केले तो बूट घेऊन या. म्हणून मी वाचलो, आणि माझ्या जागी उजव्याला करवतीखाली जावे लागले. त्याच्यात काहीच खोट नव्हती. त्याच्या दोन फाका कचेरीच्या कपाटात आहेत असे ऐकतो. मला निरोपही घेता आला नाही.

मास्तरांची करंगळी गेली. जखम हाडापर्यंत पोचली होती. आणखी थोडे दिवस गेले असते तर पाऊल गेले असते, असे डॉक्टर म्हणाले. पाऊल वाचले, पण धावणे संपले.

ते घरी आले तेव्हा लेक मला पिशवीतून काढत म्हणाली, "हा टाकून देते, बाबा. मला बघवत नाही."

"दे इकडे."

"कशाला हवाय?"

"दे म्हणतो ना."

त्यांनी मला मांडीवर घेतले. बांधलेला पाय समोर स्टुलावर होता. त्यांनी सावकाश माझ्यात हात घातला, टाचेपासून पुढे पुढे, आणि त्यांची बोटे खड्यावर आली. ती थांबली. त्यांनी दाबून पाहिले. पुन्हा दाबले, अधिक जोरात, अंगठ्याचे टोक पांढरे पडेपर्यंत.

"टोचतंय गं," ते म्हणाले. "केवढं टोचतंय." आणि लहान मुलासारखे रडू लागले.

मग डोळे पुसून त्यांनी संपादकबाईंना फोन केला. "बाई, डाव्या बुटाचं राहून गेलं होतं. लिहून घ्या. डावा नापास. करंगळीखाली खडा आहे, पहिल्या पावलाला कळायला हवा होता. आणि हेही छापा, की धावणाऱ्याला डावा पाय कळत नव्हता, आणि त्याने ते लपवलं. आता दुसरा माणूस बघा." पलीकडून बाई बराच वेळ काही बोलत होत्या. मास्तर नुसते "हं, हं" म्हणत राहिले.

मित्रांनो, आयुष्यभर मला चांगले म्हटले गेले आणि त्यातले एक अक्षरही माझ्याबद्दल नव्हते. नापास झालो त्या दिवशी मी पहिल्यांदा कुणालातरी कळलो. मला वाईट वाटले नाही.

तुमच्याकडे माझे एकच मागणे आहे. बूट घालण्याआधी आत हात फिरवा. स्वतःचे तळवे बघा आणि घरातल्या मोठ्या माणसांचेही बघा, ती "झकास आहे" म्हणाली तर जरा जास्तच नीट बघा. आम्हांला बोलता येत नाही. ज्यांना येते, तेही पुष्कळदा बोलत नाहीत.

मी अजून त्याच फळीवर आहे, एकटा. शेजारी उजव्याची जागा रिकामी आहे. लेक आता रोज संध्याकाळी येते, चपला काढते आणि दारातूनच हाक मारल्यासारखे म्हणते, "दाखवा." मग मास्तर रेडिओ बंद करतात आणि मुकाट्याने पाय पुढे करतात.