भुरका

जन्मापासून तिनं चहाचा एक घोटही आवाज करून घेतला नव्हता, आणि आता तिचं सगळं पुढचं आयुष्य एका भुरक्यावर येऊन ठेपलं होतं.

झालं असं की, सहा वर्षं विम्याच्या कचेरीत फायली लावून लावून जीव विटलेल्या या मुलीनं एकोणतिसाव्या वर्षी पक्की नोकरी सोडली आणि ती चहाच्या पेढीत शिकाऊ खरेदीदार म्हणून लागली. पेढीचं काम सांगायला सोपं. मळ्यांतून आलेला चहा लिलावात लॉटनं, म्हणजे एकेका खेपेनं, घ्यायचा आणि डबे भरून विकणाऱ्यांना द्यायचा. करायला मात्र अवघड, कारण चहाचा भाव डोळ्यांना कळत नाही, कागदालाही कळत नाही. तो कळतो जिभेला. तीन महिने उमेदवारी, जमलं तर खुर्ची कायमची, नाही जमलं तर पुन्हा त्याच फायली. विम्याचे साहेब निरोप देताना हसून म्हणाले होते, "तीन महिने जागा राखून ठेवतो. येशीलच परत." ते हसू तिच्या ओढणीला कुसळासारखं चिकटून आलं होतं. झटकलं तरी निघत नव्हतं.

पेढीची चाखायची खोली तिसऱ्या मजल्यावर होती. उत्तरेकडे मोठ्या खिडक्या, म्हणजे ऊन आत येत नाही, नुसता उजेड येतो. लांबलचक टेबल, टेबलावर झाकणांची पांढरी भांडी, प्रत्येक भांड्यापुढे एक पांढरी वाटी आणि वाटीमागे पत्र्याच्या डबीत कोरडी पत्ती. किटलीकाका, म्हणजे उकळतं पाणी ओतणारे, गेली तीस वर्षं त्या खोलीत पाणीच ओतत होते. ते भांड्यांवरून किटली अशी फिरवत की एक थेंब बाहेर नाही. सहा मिनिटं झाली की चहा वाटीत उतरायचा आणि मग बाई निघायच्या.

बाई म्हणजे पेढीच्या मुख्य. साठीच्या, ठेंगण्या, अंगावर दोन खिशांचा एप्रन. चमचाभर चहा ओठांशी न्यायच्या आणि नवं कापड टर्रकन फाडावं तसा आवाज करून ओढायच्या. क्षणभर गालात घोळवायचा, चाकांच्या पिकदाणीत थुंकायचा, किलोमागच्या भावाचा आकडा बोलायचा, पुढचा कप. पिकदाणी त्यांच्यामागून कुत्र्यासारखी चालायची.

पहिल्या दिवशी हिच्या हातात चमचा आला. हिनं पाहुण्यांच्या घरी घेतात तसा घोट घेतला आणि हलकेच गिळला.

"अगं, हवापालट करायला आलीस का?" बाई म्हणाल्या. "ओढ!"

हिनं पुन्हा घेतला. पुन्हा गिळला.

"आणि गिळू नकोस. साठ कप आहेत, दुपारपर्यंत तरंगशील."

थुंकताना हिचा चेहरा असा झाला की किटलीकाका म्हणाले, "थुंका ताई, बिनधास्त थुंका. पिकदाणीला लाज नाही, तुम्हाला कशाला?" आणि त्या दिवसापासून त्यांनी हिला हळूबाई हे नाव ठेवलं.

यात हळूबाईचा दोष नव्हता. दोष घरचा. आई तीस वर्षं मुलींच्या वसतिगृहात जेवणघराची प्रमुख होती. दोनशे मुलींच्या पंगतीत कुठला चमचा कुठल्या ताटाला लागला हे तिला पाठमोरी असतानाही कळायचं. जिथे परक्या मुलींची ही गत, तिथे पोटच्या मुलीची काय कथा! घरात पाणीसुद्धा पाय न वाजवता घशाखाली उतरायचं. एकच माणूस या राज्यात बंडखोर, तो म्हणजे मामा. आईचा थोरला भाऊ, आयुष्यभर ट्रक चालवलेला. त्याचा भुरका शेजारच्या घरी ऐकू जायचा. म्हणून आईनं त्याला चहापुरतं मागच्या पायरीवर हद्दपार केलं होतं. तो तिथे बसून भुरका मारायचा आणि आई आतून म्हणायची, "दादा, गेली का मालगाडी?"

दोन महिने असेच गेले. रोज कप चाखून झाले की हळूबाई आपले आकडे चिठ्ठीवर लिहायची आणि बाईंपुढे ठेवायची. एका सोमवारी बाईंनी आठवड्याच्या सगळ्या चिठ्ठ्या पत्त्यांसारख्या टेबलावर मांडल्या.

"वाच."

"एकशे ऐंशी, एकशे पंच्याहत्तर, एकशे ऐंशी, एकशे पंच्याऐंशी..."

"सगळं सरासरी. चांगल्याला नाराज करायचं नाही, वाइटाला दुखवायचं नाही. तू इथे चहाचं मन राखायला आलीस का?"

हळूबाईच्या कानाच्या पाळ्या तापल्या.

"तुझी जीभ वाईट नाही," बाई जरा खाली आल्या. "पण तू तिला बोलूच देत नाहीस. चहा नुसता ओला लागला की सगळे सारखेच. वारा घे सोबत. वारा घेतलास तर वास वर चढेल, वर चढला तर कळेल." मग त्यांनी चिठ्ठ्या गोळा केल्या. "महिनाअखेरच्या लिलावात एक लॉट तुझा. एकच. तूच निवडायचा, तूच भाव ठरवायचा, तूच बोलायचं. त्यावरून मी ठरवीन."

महिनाअखेरीला बारा दिवस होते.

त्या संध्याकाळी ती घरी आली ती थेट मागच्या पायरीवर जाऊन बसली. मामाचा चहा नुकताच आला होता.

"मामा, मला शिकव."

"ट्रक?"

"भुरका."

मामानं कप खाली ठेवला. हसला नाही. एवढ्या वर्षांत या घरात त्याला कुणी काही शिकव म्हटलं नव्हतं. "हे बघ," तो घसा खाकरून म्हणाला, "ओठ शीळ घालतेस तसे कर. आता चहाला बोलाव. तू त्याच्याकडे जायचं नाही, तो तुझ्याकडे यायला हवा."

हळूबाईनं ओढला. तो नाकात गेला. खोकून खोकून डोळ्यांतून पाणी आलं.

"घाबरतेस काय? चहा आहे, वाघ नाही. पुन्हा."

दुसरा हनुवटीवर आला. तिसरा ओढणीवर. मामाला मग सुचायला लागलं, आणि सुचलं की तो ट्रकच्या चाकांच्या ठेक्यात म्हणायचा:

"मुक्या गं ओठांनी, चहा मुकाच राहतो,
बोलव त्याला बाई, गाव सांगत येतो."

सातव्या की आठव्या खेपेला टर्र असा आवाज झाला. आणि हळूबाई दचकली. तिच्या तोंडात चहा नव्हता, एक अख्खी जागा होती. ओलं लाकूड, उन्हात तापलेला गवताचा भारा आणि अगदी मागे, दाराआड उभ्या राहिलेल्या पाहुण्यासारखं, काहीतरी गोड. हे सगळं या कपात रोज होतं? एकोणतीस वर्षं?

दार उघडलं. आई उभी होती.

"आता दोन मालगाड्या?"

"आई, हे माझं काम आहे," हळूबाई म्हणाली. आवाज चढवून नाही, पण डोळे खाली न घालता. "हे आलं नाही तर मी परत फायलींत."

आईनं भावाकडे पाहिलं, मुलीच्या भिजलेल्या ओढणीकडे पाहिलं आणि दार लावून घेतलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ही उठली तेव्हा जेवणाच्या टेबलावर सहा कप मांडलेले होते, कान एकाच दिशेला, वसतिगृहात मांडायचे तसे. खिडक्या सगळ्या बंद.

"इथेच कर," आई म्हणाली. "पायरीवर वाऱ्यानं चहा गार होतो. आणि खिडक्या उघडायच्या नाहीत. शेजाऱ्यांना काय वाटेल, आम्ही म्हशी पाळल्या?"

हळूबाईनं पहिला ओढला, दुसरा ओढला. आई प्रत्येक आवाजाला डोळे मिटत होती, सुई टोचून घेणाऱ्यासारखी, पण हलत नव्हती. "हा जास्त वेळ ठेवलास," मुलगी म्हणाली. "हे दोन एकाच पुड्याचे. आणि याला..." तिनं पुन्हा ओढला. "याला साबण लागतोय."

"साबण? तो तर नवा पुडा! साठवणीच्या कपाटातून आत्ता काढला."

"साबण कुठे ठेवतेस?"

आईनं कपाटाचं दार उघडून पाहिलं. मग म्हणाली, "त्याच कपाटात. चोवीस वर्षं तिथेच ठेवते."

"म्हणजे चोवीस वर्षं आपण साबण पितोय," मामा दारातून म्हणाला. "तरीच मी एवढा गोरा."

आई हसली. तोंडावर हात न ठेवता, आवाज करून हसली. मग उठून तिनं पुडे दुसऱ्या फळीवर हलवले आणि उरलेल्या दिवसांत रोज सकाळी सहा कप मांडून आपणच परीक्षा घेत राहिली. सातव्या दिवशी तिनं एकच चहा दोन कपांत मांडून फसवायचा बेत केला आणि पकडली गेली, तेव्हा तिला बक्षीस मिळाल्यासारखा आनंद झाला.

लिलावाच्या आदल्या दिवशी खोलीत बावन्न कप लागले. एकतिसाव्या कपापाशी किटलीकाकांनी नाक मुरडलं. "ही पत्ती म्हणावी की अंगणातली झाडलोट?" खरंच होतं. पत्ती कुठे लांब, कुठे तुकडा, मध्ये काड्या, रंग वाळक्या पाचोळ्याचा. लिलावाच्या यादीत अंदाज छापला होता एकशे साठ.

हळूबाईनं चमचा भरला आणि ओढला. कापड फाटल्याचा आवाज आता तिच्याही ओठांतून यायचा, आणि किटलीकाकांनी हळूबाई म्हणणं हट्टानंच चालू ठेवलं होतं. ती थुंकली आणि जागीच थांबली. पुढे दोन कप गेली, परत आली, पुन्हा ओढला. गरिबाघरची सावळी पोर दारात उभी राहावी आणि तिनं गायला तोंड उघडावं, तसं झालं. आधी कोवळा कडवटपणा, मग फळाची गोडी, आणि थुंकल्यावरही जिभेवर मागे रेंगाळणारी ऊब, जात नाही म्हणते, थोडी बसते म्हणते. मळ्यातल्या कुणाला चाळायची घाई झाली असेल, यंत्र बिघडलं असेल. रूप गेलं होतं, गुण होता तसाच.

चिठ्ठीवर तिनं लिहिलं: दोनशे सव्वीस.

बाईंनी चिठ्ठी वाचली. एकतिसावा कप त्यांनीही चाखला होता, पण चेहऱ्यावर काही नाही. "हा तुझा लॉट?"

"हाच."

"वर किती जाशील?"

"वर नाही. दोनशे सव्वीस."

"फार गरज पडली तरी?"

"गरज माझी आहे, बाई. चहाची किंमत तेवढीच आहे."

बाईंनी चिठ्ठी एप्रनच्या खिशात टाकली.

लिलावाचं सभागृह पायऱ्यापायऱ्यांचं होतं, खाली मंचावर लिलाववाला, वर बाकांवर वीसेक पेढ्यांचे खरेदीदार, त्यांतच शेजारीशेजारी बाई आणि हळूबाई. तिथे सगळं वेगात. आकडा, आकडा, आकडा, हातोडी. पुढच्या रांगेत टोपीवाले बसले होते, समोरच्या मोठ्या पेढीचे जुने खरेदीदार. त्यांच्या जिभेचा बाजारात दरारा होता.

"लॉट एकतीस. साठ पोती."

एकशे चाळीसला सुरुवात झाली. हळूबाईनं पेन्सिल वर केली. एकशे साठला चार पेढ्या गळाल्या, एकशे ऐंशीला उरलेल्या हसत गळाल्या. मागून कुणीतरी म्हणालं, "झाडू विकताहेत का?" राहिले दोघे. टोपीवाले मागे न पाहता बोट उचलत होते.

"दोनशे." बोट. "दोनशे दहा." पेन्सिल. "वीस." बोट. "बावीस." पेन्सिल. मग एकेक. "तेवीस." "चोवीस." "पंचवीस," टोपीवाले.

"दोनशे सव्वीस," हळूबाई म्हणाली.

बोट उठलं. "दोनशे सत्तावीस."

लिलाववाल्यानं तिच्याकडे पाहिलं. त्याची हातोडी हवेत होती. अजून एकच आकडा. एक आकडा म्हणजे काय, लॉट हातात, खुर्ची हातात, विम्याच्या साहेबांचं हसू पुसलेलं. ओठ उघडलेही होते. पण जिभेवर कालचा चहा अजून होता, आणि तो सांगत होता, मी एवढाच आहे, बाई. जास्तीचं सांगशील तर ते माझं नसेल, तुझ्या भीतीचं असेल. तिनं ओठ मिटले. आयुष्यभराचं गप्प राहणं तिला ठाऊक होतं, पण हे गप्प राहणं त्याच्या कुळातलं नव्हतं. तिनं पेन्सिल खाली ठेवली.

हातोडी पडली.

टोपीवाल्यांनी तेव्हा पहिल्यांदा मान वळवून वर पाहिलं. "ही आडवी आली नसती तर दोनशे वीसच्या आत घेतला असता मी हा," ते बाईंना म्हणाले. "कोण ही?"

 बाई यादीवर खूण करत राहिल्या. लॉट गेला होता, आणि नवल म्हणजे हळूबाईच्या आत काहीतरी स्वस्थ बसलेलं होतं.

"माझा आकडा दोनशे चोवीस होता," बाई खालच्या आवाजात म्हणाल्या. "दोन जास्तच लावलेस."

"हो, बाई."

"पण थांबलीस." मग त्यांनी यादी हळूबाईच्या मांडीवर सरकवली. "आता बत्तीस निघतोय. बोल."

"मी? पण माझा तर एकच लॉट..."

"तुझा एक झाला. हे पेढीचे आहेत, अजून एकवीस. मी काय सगळं आयुष्य ओरडू? घसा बसलाय माझा."

हळूबाईनं यादी पाहिली. बत्तीस नंबरचा चहा तिला लख्ख आठवत होता. साधा, सरळ, रंगाला चांगला, कुणाच्याही रोजच्या सकाळचा. जेमतेम एकशे अठ्ठ्याहत्तरचा. तिनं पेन्सिल उचलली.

"एकशे सत्तर," ती म्हणाली. कुणी आकडा वाढवला नाही.

"एकशे सत्तर एकवार," लिलाववाला म्हणाला, "दोनवार," आणि तिच्याकडे पाहून त्यानं विचारलं, "नाव कुणाचं लिहू?"

"पेढीचं लिहा," बाई म्हणाल्या, "आणि खरेदीदार म्हणून हिचं."