उभ्यानं निंदण

डॉक्टरांनी दोन एक्स-रे खिडकीच्या काचेला शेजारी शेजारी धरले. एक फुलचंदच्या गुडघ्याचा, मागच्या वर्षी तो बैलबंडीवरून पडला तेव्हा काढलेला. दुसरा त्याच्या बायकोचा, मोतीबाईचा, आजचा.

"तुमच्या गुडघ्यात दोन हाडांमध्ये फट दिसते ना? तिथं गादी आहे. बाईंच्या गुडघ्यात ती राहिलीच नाही. हाडावर हाड घासतंय."

"वयानं झालं असन," फुलचंद म्हणाला.

"तुम्ही त्यांच्याहून मोठे. वावर एकच. मग तुमचा गुडघा चांगला कसा?"

वावरात कोण काय करतं, असं डॉक्टरांनी विचारलं तेव्हा फुलचंदनं सांगितलं. बैलांच्या डवऱ्यामागं तो चालतो. निंदण मोतीबाईचं. उकिडवं बसायचं, विळ्यानं गवत काढायचं, बसल्या बसल्याच पुढं सरकायचं, आणि संध्याकाळी गवताचा भारा डोक्यावर घेऊन उठायचं. चाळीस वर्षं.

"वय असतं, वजन असतं," डॉक्टर म्हणाले. "पण रोज असं बसायचं आणि ओझं घेऊन उठायचं, त्यानं गुडघा लवकर जातो."

घाटंजीहून तांड्यावर परतताना एसटीत मोतीबाई हसली.

"मले वाटे, मीच आळशी झाली."

फुलचंदला हसू आलं नाही. त्यालाही तसंच वाटत होतं, आणि त्यानं ते दोनदा बोलून दाखवलं होतं.

हिवाळ्यात मोतीबाई काविळीनं गेली.

पुढच्या हंगामात सोयाबीन वीतभर झालं आणि सून बबिता सासूचाच विळा घेऊन वावरात बसली. फुलचंद बांधावरून बघत राहिला. मग घाटंजीच्या बाजाराला गेला आणि जुन्या सायकलीचं चाक घेऊन आला.

चाकामागं त्यानं लोखंडी पास, म्हणजे गवत कापायचं आडवं पातं, वेल्डिंग करून घेतली आणि वर दांडा बसवला. ढकलत चालायचं, गवत कापलं जातं. पण दांडा त्यानं स्वतःच्या उंचीचा केला. बबिता अर्ध्या दिवसात खांदे चोळत घरी आली. आता सुनेच्या अंगाला माप कसं लावायचं? ती तर त्याच्यापुढं पदर ओढून वावरे. शेवटी त्यानं चुलीतला कोळसा तिच्यापुढं ठेवला.

"दाराच्या चौकटीवर कमरेची खूण कर. मी बाहेर जातो."

खुणेइतका दांडा कापून झाला तेव्हा निंदणाऱ्या बायांची म्होरकी जमनी वावरात कमरेवर हात ठेवून उभी राहिली. ती मोतीबाईची जुनी जोडीदारीण.

"काहून भिया, सुनेले महाराणी करून राह्यला काय? उभ्यानं कुठं निंदण होते?"

"तू बसून कर. बबिता उभ्यानं करन. पाहू."

"अन् मी हारली तं?"

"तं काही नाही. तुह्या गुडघ्याचं तू पाह्य."

बाया खिदळल्या. जमनीइतका चलाख हात तांड्यात दुसरा नव्हता. तिच्याशी पैज कोणी लावत नसे. बबितानं पदर खोचला आणि चाक पुढं ढकललं.

जमनीची एक ओळ संपली, तेव्हा बबिता चौथी संपवून वळत होती. बायांनी वावर डोक्यावर घेतलं. पदर कधी घसरला हे बबिताला कळलंच नाही. तिनं चाक दोन्ही हातांनी वर उचललं. फुलचंदनं रीत म्हणून तोंड फिरवलं, पण त्याचे खांदे हसत होते.

जमनीनं आधी जमिनीवर हात टेकला, मग मांडीवर, मग कशीबशी उभी राहिली.

दुसऱ्या दिवशी सकाळी फुलचंद अंगणात दात घासत होता, तर ती दारात.

"कोळसा दे."

तिच्यामागं रुखमाबाई, आणि तिच्यामागं आणखी चौघी. दुपारपर्यंत चौकट खुणांनी भरली.

यंदा तांड्यात अकरा चाकं आहेत. बाया उभ्यानं, गप्पा मारत निंदतात. बांधावर पाणी प्यायला थांबली तेव्हा जमनी म्हणाली,

"मोती असती तं सगळ्याइच्या पुढं पळाली असती."

"मले शिव्या देत," फुलचंद म्हणाला. "एवढ्या उशिरा काहून सुचलं म्हणून."

जमनीनं लोटा खाली ठेवला आणि पुढच्या ओळीला लागली.

चाक दोन ओळींच्या मधूनच जातं. झाडाच्या बुडाशी उगवलेलं गवत त्यानं निघत नाही. ते काढायला बायांना अजून बसावंच लागतं. त्यावर फुलचंदला अजून काही सापडलेलं नाही.