तिसरी अट

संध्याबाईंनी एकशे बाराव्या पानावर डाव्या हाताचं बोट दाबून धरलं आणि उजव्या हातानं एकशे चाळिसावं पान पुन्हा उलटून पाहिलं. गाव तेच, उसाचा फड तोच आणि तारीखही तीच, अकरा जानेवारी. एक कागद आरोपी ईश्वर पाडवी याच्या अटकेचा पंचनामा होता. दुसरा होता मयत जालमसिंग वसावेची बायको रुपाबाई हिचा पुरवणी जबाब. मारणारा आणि मेलेल्याची बायको, दोघं गुजरातेत एकाच फडावर एकाच दिवशी पोलिसांना सापडले होते, आणि दोषारोपपत्र लिहिणाऱ्याला त्यात काही वावगं दिसलं नव्हतं.

"गुन्हा घडल्यापासून आरोपी अडीच महिने फरार होता, मॅडम," सरकारी वकील कुंदन बोरसे सांगत होते. "कलम एकशे तीन. खून. बाहेर सोडला तर पुन्हा पळणार, आणि साक्षीदारांवर दबाव आणणार."

बोरसेंची ही वाक्यं संध्याबाईंना तोंडपाठ होती. नंदुरबारला न्यायाधीशाच्या या खुर्चीवर त्यांना तिसरं वर्ष चाललं होतं. आजच्या बोर्डावर चौतीस प्रकरणं होती आणि हे एकोणिसावं. खिडकी बंद असूनही बाजारातल्या मिरचीचा खकाणा आत येत होता. इथली माणसं त्यात जेवतात, झोपतात, लग्नं लावतात. वर्ध्याहून आलेल्या संध्याबाईंना मात्र फेब्रुवारी संपेपर्यंत रोज ठसका लागायचा. जामिनाच्या बाबतीत तर त्यांचे दोन्हीकडून हात पोळले होते. एकाला सोडलं, त्यानं महिन्याभरात साक्षीदाराचं डोकं फोडलं. एकाला नाही सोडलं, तो तीन वर्षं आत राहून निर्दोष सुटला, आणि निकाल ऐकायला त्याची आई उरली नव्हती. तेव्हापासून जामिनाचा अर्ज समोर आला की त्यांना आधी थकवाच यायचा.

हकीकत तशी लहान होती. मोलगीच्या वरच्या अंगाला एक पाडा. दिवाळीनंतरची संध्याकाळ. ईश्वरच्या शेळ्यांनी जालमसिंगची तूर खाल्ली म्हणून दोघांची जुंपली. दोघंही प्यायलेले. जालमसिंगनं दांडा उगारला, ईश्वरनं तो हिसकून घेतला आणि त्याच्याच डोक्यात घातला. घाव एकच. मग झोळी करून त्याला डोंगराखाली रस्त्यापर्यंत आणलं, तिथून जीपनं दवाखान्यात. तिसऱ्या दिवशी तो गेला. रुपाबाईच्या अंगावर पिणारं पोर होतं, ती पाड्यावरच थांबली होती. पोलीसपाटलाच्या जबाबात एक वाक्य होतं, त्याच्याखाली संध्याबाईंनी पेन्सिलीनं रेघ ओढली होती. झोळीचं पुढचं टोक ईश्वरच्या खांद्यावर होतं, बाकीचे आळीपाळीनं खांदा बदलत होते, त्यानं बदलला नाही.

पोलीस पाड्यावर पोचले ते आठव्या दिवशी. तोवर ऊसतोडीचा ट्रक येऊन गेला होता. मागं उरली होती म्हातारी माणसं आणि कोंबड्या.

"वकील मॅडम," संध्याबाई बचावाच्या रिना गावितांना म्हणाल्या, "आरोपी आणि मयताची पत्नी एकाच फडावर कसे?"

रिना विधी सेवेतून नेमलेली, वकिलीचं दुसरंच वर्ष. तिनं फाईल उघडली, पुन्हा मिटली.

"मला माहीत होतं, मॅडम. पण मी मांडलं असतं तर..." ती बोरसेंकडे पाहून थांबली.

बोरसे उभे राहिलेच होते. त्यांचा चेहरा खुलला होता.

"मग हेतू इथंच स्पष्ट होतो, मॅडम. शेळ्या हा बहाणा आहे. याला बाई पाहिजे होती."

मयताच्या नातलगांचं ऐकून घ्यायचं, हा नियम. रुपाबाई शेवटच्या बाकावर बसली होती. सकाळच्या गाडीनं ती बारडोलीकडून आली होती. हातांच्या भेगांत उसाची काळी मळी बसलेली. भिंतीवरच्या पडद्यावर कारागृहातून ईश्वर दिसत होता, आणि त्या पडद्याकडे बरोबर पाठ होईल अशी जागा तिनं धरली होती. तिला भिलीच येत होती. अक्कलकुवा-धडगावकडे वीस वर्षं काढलेला बेलीफ लोटन नेहमीप्रमाणे दुभाषी म्हणून मधे उभा राहिला, तिची भिली आपल्या अहिराणीत सांगायला.

"तिला विचारा, ईश्वर तिच्याबरोबर फडावर कसा गेला?"

रुपाबाई जमिनीकडे पाहत बराच वेळ बोलली.

"ती म्हनस," लोटन म्हणाला, "गाडी उनी तवय सगळा पाडा चढना. मुकादम एकटा मानूसले लेस नही, जोडी लागस. एक तोडस, एक बांधस. तिना धनी ते गया. मंग पंच बठनात. पंचसनी सांगं, जोडी ज्यानी मोडी, त्यानीच जोडीम्हा उभं ऱ्हावानं."

"हाच दबाव, मॅडम!" बोरसे म्हणाले. "पंच कोण हे ठरवणारे?"

"तिच्यावर जबरदस्ती झाली का?"

लोटननं विचारलं. रुपाबाईनं पहिल्यांदाच मान वर केली.

"ती म्हनस, जबरी त्यानावर व्हती, मन्हावर नही."

"भीती वाटते का त्याची?"

"नही म्हनस."

"त्यांचं आपसात बोलणं काय व्हायचं?" प्रश्न बोरसेंचा होता, पण संध्याबाईंनीच तो विचारून टाकला.

"बोलनंच नही, मॅडम. पंचसनी सांगेल शे, हंगाम सरस तोवर एक शब्द बोलानं नही. तो तोडे, हाई बांधे. भाकर बांधवर ठेवी दे. तो पाठ फिराईसन खाये. सत्तर दिन असंच. त्याले पोलिससनी धरी लयं तवयपाईन ती एकटी शे. मुकादम म्हनस, जोडी आन, नही ते पोरं लिसन घर जाय."

बोरसे काही बोलणार होते, ते खाली बसले. रुपाबाईचं अजून चालूच होतं. ती आता लोटनच्या तोंडाकडे पाहून, हातानं जमिनीकडे खूण करत काहीतरी सांगत होती आणि लोटन वाकून ऐकत होता. विसाव्या प्रकरणाचे दोन्ही वकील उठून उभे राहिले होते, घड्याळात एक वाजून गेला होता, संध्याबाईंच्या घशात पुन्हा ठसका दाटून आला होता.

त्यांनी तळहात वर केला. "पुरे. कळलं."

रुपाबाई मधेच थांबली आणि बसली.

पडद्यावर ईश्वर हात जोडून उभा होता. चोविशीचा, त्याहून लहान दिसणारा. त्याला काही सांगायचंय का, असं विचारलं तर तो दोनच शब्द बोलला.

"तोडनी बाकी शे, म्हनस," लोटननं सांगितलं.

जेवणाच्या सुट्टीत संध्याबाईंनी डबा उघडला आणि तसाच सरकवून ठेवला. समोर स्टेनो काजलनं आदेशाचा नमुना आधीच संगणकावर घेतला होता.

"नेहमीच्या अटी टाकल्यात, मॅडम. एक, प्रत्येक तारखेला हजर राहणे. दोन, जिल्ह्याबाहेर न जाणे. तीन, साक्षीदारांशी प्रत्यक्ष वा अप्रत्यक्ष संपर्क न ठेवणे. निकाल तेवढा सांगा, मंजूर का नामंजूर."

निकाल सांगणं आज जड नव्हतं. घाव एक, दांडा मयताचाच. त्याला खांद्यावर वाहून नेणारा हाच. आणि जिथं मयताची बायको उघड राबत होती तिथंच, तिच्या डोळ्यांसमोर राहणारा माणूस फरार कसा म्हणायचा? मंजूर. अडत होतं ते पुढं. या नेहमीच्या अटी घातल्या तर ईश्वर सुटेल, पण पाड्यावर एकटा बसेल. रुपाबाईची जोडी मोडलेली ती मोडलेलीच राहील आणि होळीच्या आत मुकादम तिला पोरांसकट गाडीत बसवून देईल. अटी काढून टाकल्या तर बोरसे उद्याच उच्च न्यायालय गाठतील आणि जामीन जाईल तो जाईलच.

संध्याबाईंनी चष्मा पदराला पुसला. पुसून झाल्यावरही त्या काचा चोळत राहिल्या.

"दुसरी अट बदल," त्या म्हणाल्या. "कामाच्या जागेचा पत्ता द्यावा. दर रविवारी तिथल्या पोलीस ठाण्यात हजेरी लावावी. पोलीसपाटलाचा जामीन चालेल."

काजलची बोटं चालू झाली.

"आता तिसरी. लिही. आरोपीस साक्षीदार असलेल्या ठिकाणी मजुरी करण्यास मनाई नाही. मात्र खटल्याचा अंतिम निकाल लागेपर्यंत त्याने साक्षीदार रुपाबाई वसावे हिच्याशी कोणत्याही कारणाने एक शब्दही बोलू नये. बोलल्यास जामीन रद्द होईल."

"एक शब्दही, असंच लिहू?"

"असंच लिही."

काजल लिहीत असताना संध्याबाईंनी डबा पुढं ओढला. पंचांनी घातलेलं बंधन त्यांनी तसंच्या तसं कायद्यात बसवलं होतं. बोरसेंना वर जाऊन बोट ठेवायला जागा नव्हती आणि बाईची जोडीही राहत होती. कित्येक महिन्यांत आदेश लिहिताना त्यांना इतकं बरं वाटलं नव्हतं. भाजी गार झाली होती, तरी त्यांनी दोन्ही पोळ्या संपवल्या.

तीन वाजता आदेश वाचून झाला, सही झाली. रिनाचा जीव भांड्यात पडला. बोरसेंनी तिसरी अट दोनदा वाचली आणि मान हलवली. मागच्या बाजूला लोटन रुपाबाईला समजावत होता. तिनं काही विचारलं, त्यानं उत्तर दिलं. तिनं तेच पुन्हा विचारलं असावं, कारण लोटननं बोटं दाखवली, आधी चार, मग पाच. ती थोडा वेळ उभी राहिली. मग पिशवी उचलून, न्यायासनाकडे वळून तिनं हात जोडले आणि ती गेली. संध्याबाई तोवर पंचविसाव्या प्रकरणात शिरल्या होत्या.

सहाला कोर्ट रिकामं झालं. लोटन फाईलींचा गठ्ठा बांधत होता.

"त्या बाईला गाडी मिळाली का हो, लोटनभाऊ?"

"मियनी ना, मॅडम. मीच तिले टेसनले रिक्षाम्हा बसाडी दिन्हं."

"काय विचारत होती ती?"

"काही नही. केस कवय सरी, इतलंच. मी सांगं, चार साल, पाच साल, भरोसा नही."

"मग?"

लोटननं गाठ मारली, ती सैल वाटली म्हणून सोडली आणि पुन्हा मारली.

"दुपारले तुम्हीन हात दखाडा ना, मॅडम, तवय तिनं सांगनं अर्धंच ऱ्हायी गयं. पंचसनी आखो एक गोष्ट सांगेल व्हती. हंगाम सरना का त्यानी तिना समोर जमिनवर बठानं, आनि शेवटलोंग काय व्हयनं ते सगळं तिले सांगानं. जालमसिंग झोळीम्हा जित्ता व्हता ना. रातभर बोले म्हने. दवाखानाम्हा बी त्यानाजवळ ईश्वरच व्हता. मरनारा बायकोले काय निरोप दी गया, पोरेसनं काय बोलना, ते त्या एकलालेच ठाऊक शे. हाई तेवढासाठेच त्यानासंगे राबी ऱ्हायनी व्हती. दिन मोजे, म्हने."

संध्याबाईंनी टेबलावरचा पेन उचलला, टोपण काढलं आणि परत बसवलं.

"हे तुम्ही मला दुपारी का नाही सांगितलंत?"

"तुम्हीन सांगं, पुरे," लोटन म्हणाला. त्याच्या आवाजात तक्रार नव्हती. "मी तिले म्हनं, वकीलबाईले सांग, अर्ज करता येस. ती म्हने, नको. कोर्टनी चांगलं करं, आमनाच रीतनं करं. मोडाले नको."

बाहेर मिरचीची शेवटची गाडी रिकामी होत असावी. ठसका आला आणि बराच वेळ थांबेना. लोटननं पाण्याचा ग्लास पुढं सरकवला आणि त्या पाणी पिऊन होईपर्यंत उभा राहिला. त्याला वाटलं, मॅडमना घोर लागलाय तो सोडलेल्या आरोपीचा. दरवेळी जामीन दिल्यावर लागतो तसा. म्हणून त्यानं गठ्ठा काखेत मारता मारता त्यांना धीर दिला.

"तुम्हीन काळजी करू नका, मॅडम. तो बोलाव नही. त्यानी पंचसना हुकूम मोडा नही, तुमना कसाले मोडी?"